आपला आपण

आमच्या कोकणातल्या गावी देवळात मूर्ती नाही. भुईतून वर आलेला एक ओबडधोबड पाषाण आहे. लहानपणी मी आजीला विचारले, "हा कुणी घडवला ग?" ती म्हणाली, "घडवतोय कोण? स्वयंभू आहे तो. आपला आपण आला." माझे समाधान झाले, इतकेच नव्हे, तर मला त्या दगडाचा हेवाही वाटला. आम्हां मुलांना जो तो 'कुणाचा रे तू?' म्हणून हटकीत असे. त्याला हटकणारे कुणी नव्हते.

पुढे थोडेफार वाचल्यावर कळले की, आजीच्या त्या दोन शब्दांपाशी मोठमोठी माणसे अडखळली आहेत. देकार्तने १६४१ साली आपली 'चिंतने' आक्षेपांसकट छापली. (आक्षेपकांना आपल्याच ग्रंथात जागा देण्याची ही रीत मागे पडली, हे वाईट झाले.) त्यांत कातेरुस नावाच्या डच धर्मगुरूने विचारले आहे : 'आपल्यापासून असणे' म्हणजे आपणच आपले कारण असणे, की नुसते दुसऱ्या कुणापासून नसणे? देकार्तचा कल पहिल्या अर्थाकडे गेला, तेव्हा आर्नोने त्याला अडवले. कारण कार्याच्या आधी हवे. मग स्वतःच्या आधी स्वतः हजर कसे राहायचे? तरीही स्पिनोझाच्या १६७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'नीतिशास्त्रा'ची पहिलीच व्याख्या या स्वयंकारणाची आहे. आमचे वैशेषिक अधिक सावध. जे आहे आणि ज्याला कारण नाही ते नित्य, एवढेच म्हणून त्यांनी परमाणूंना तो मान देऊन टाकला.

हे सारे मला शब्दांचे खेळ वाटत. मग माझा धाकटा भाऊ गेला. एकतिसाव्या वर्षी, झोपेत. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. आई मात्र महिनोन्‌महिने कारण शोधीत होती : त्या रात्रीचे ताक, जिन्याचा चढ, आपल्या हातून राहून गेलेले एक व्रत. "काहीतरी असेलच ना रे!"

मला रेडियमचा अणू आठवे. रेडियमच्या कणातले निम्मे अणू सुमारे सोळाशे वर्षांत फुटणार, हे पक्के. परंतु आज नेमका हाच का फुटला, याला कारणच नसते असे बहुतेक पदार्थवैज्ञानिक मानतात. आईला हे सांगण्याचा मला धीर झाला नाही, आणि ते बरेच झाले. कारण फुटण्याला निमित्त नसले, तरी तो अणू काही स्वयंभू नव्हे. तो युरेनियमच्या वंशातला आहे. 'कुणाचा रे तू?' या प्रश्नाला त्याच्यापाशीही उत्तर आहे. भावाच्या मरणाला कारण नसेलही. तो स्वतः मात्र कुणाचा तरी होता. आईचे दुःख कारण न सापडल्याचे आहे असे मी समजत होतो. ते त्या 'कुणाचा' असण्याचे होते.

गेल्या वर्षी तिला घेऊन गावी गेलो. तिने फुले वाहिली, आणि बराच वेळ पाषाणाकडे बघत राहून म्हणाली, "याचं बरं आहे. याला आई नाही."

मग तिने गुरवाकडे तीर्थ मागितले.