विद्यापीठाबाहेर गेलेलं कलम

विद्यापीठांनी समाजात उतरावं, याबद्दल दुमत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून हेच सांगते आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने आता त्याचे श्रेयांकही ठरवून दिले. त्यामुळे कॉलेजांमध्ये सामंजस्य करारांच्या फायली तयार असतात, सह्या करतानाचे फोटो असतात, आणि मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती जवळ आली की फाइल आणखी जाड होते. कराराची मुदत संपल्यावर गावात काय उरलं, हे मात्र तिच्यात सापडत नाही. त्या कसोटीला उतरणारं एक उदाहरण कोकणात आहे.

पूर्वी आंब्याचं कलम म्हणजे भेटकलम. कुंडीतलं रोप उचलून मातृवृक्षाच्या फांदीपाशी न्यायचं, मचाणावर ठेवायचं, दोन्हींना काप देऊन एकमेकांना बांधायचं आणि पुढे काही महिने पाणी घालत राहायचं. एका झाडावर अशी बांधून बांधून किती बांधणार? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) कोय कलमाची पद्धत इथल्या हवेत बसवली आणि पसरवली. पावसाळ्याच्या तोंडावर कोयी रुजत घालायच्या. कोंब तांबूस, कोवळा असतानाच वरून छाटायचा, मधोमध उभा काप घ्यायचा, हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. साल सालीला भिडली पाहिजे. चाकू बोथट असला किंवा कोंब निबर झाला असला, तर कलम जगत नाही. पुस्तकात हे चार ओळींत मावतं; हातात बसायला पावसाळा जातो.

गंमत अशी, की याच विद्यापीठाने 1981 साली ‘रत्ना’ आणि 1992 साली पातळ कोयीचा ‘सिंधू’ असे दोन गुणी आंबे दिले. हापूसचा गर आतून बिघडवणारा साका त्यांच्यात नाही. तरी बाजाराने हापूसचं नाव सोडलं नाही. संशोधनाचं फळ मागे राहिलं आणि बांधायची रीत मात्र खाजगी रोपवाटिकांमध्ये पोचली.

नुसतं शिकवल्याने हे झालं नाही. 1990 मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली, अनुदान आलं, कातळावर आणि वरकस जमिनीवर खड्डे पडू लागले. कलमांना गिऱ्हाईक उभं राहिलं, मग बांधणारे हातही तयार झाले. आजचं कौशल्य प्रशिक्षण नेमकं उलट्या टोकाने सुरू होतं: आधी प्रशिक्षणार्थींचा आकडा, मग अभ्यासक्रम, मग माणसांची शोधाशोध, आणि काम मिळतं का ही चौकशी सगळ्यात शेवटी, झालीच तर. प्रमाणपत्राला मी नाक मुरडत नाही. रोपवाटिकेच्या परवान्याला, बँकेच्या दारात कागद लागतोच. पण कागदामागे मागणी नसेल तर तो ट्रंकेत पडून राहतो.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहतात. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिकं होतात आणि चार दिवसांनी जिल्हा आवृत्तीत फोटो छापून येतो: ‘शेतकऱ्यांना मार्गदर्शन’. चाळीस पावसाळे पाहिलेल्या शेतकऱ्याला विशीतला मुलगा मार्गदर्शन करतो, हे त्या मुलालाही खरं वाटत नसावं. शिकतो तो मुलगा, शिकवतं गाव. उपक्रमाचं मूळ नावही ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ असंच आहे. मग अहवालात तसं स्पष्ट लिहावं, आणि शिकवणाऱ्या शेतकऱ्याला मानधन का देऊ नये?

याहून अवघड प्रश्न, प्रशिक्षणाला बोलावतात कोणाला? मेळाव्याची पत्रिका जाते बागायतदाराला. सातबारा त्याच्या नावावर असतो. तो बऱ्याचदा मुंबईत राहतो आणि मोहोराच्या दिवसांत फेरी मारून जातो. रत्नागिरीच्या कितीतरी बागांमध्ये राखण, फवारणी, तोडणी आज नेपाळी गडी करतात. फुलकिडे आधी दिसतात त्यांना, माकडं हाकतात ते, औषधाचा पंप पाठीवर असतो त्यांच्या. कोणतं औषध कधी थांबवायचं, तोंडाला काय बांधायचं, हे कळायची सर्वाधिक गरज त्यांना आहे. आपल्या पुस्तिका मराठीत आहेत आणि मेळाव्याच्या नोंदवहीत या माणसांसाठी रकानाच नाही. विद्यापीठाला पुढचा करार करायचाच असेल, तर नेपाळीत बोलू शकणारा एक प्रशिक्षक नेमून त्याला हंगामाआधी बागेतल्या खोपटापर्यंत पाठवावं.