अब्रू गहाण नसते

कर्ज बुडवू नये, याबद्दल आपल्या परंपरेत दुमत नाही. शतपथ ब्राह्मण तर सांगते की, जन्मलेला प्रत्येक जण देव, ऋषी, पितर आणि माणसे यांचा ऋणी म्हणूनच जन्मतो. तेव्हा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराने, पगार लांबला म्हणून मोबाइलच्या ॲपवरून पाच-दहा हजार उचलले, तर ते त्याने फेडावेत, यात वाद नाही. वाद पुढे आहे. हप्ता थकला की वसुलीवाला थेट सुपरवायझरला फोन लावतो, ‘तुमचा माणूस फ्रॉड आहे’ असे ऐकवतो, सोबतच्या कामगारांच्या व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरवतो. कायम नोकरीतला माणूस हे कसेबसे सोसेल. ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याची भाकरीच जाईल. धनकोला पैसे मागण्याचा हक्क आहे, पण चारचौघांत बेअब्रू करून मागण्याचा हक्क त्याला कुणी दिला? ऋणकोने पैसे परत करण्याचे वचन दिलेले असते, अब्रू गहाण टाकलेली नसते.

धर्मशास्त्रही धनकोच्याच बाजूने आहे, असे कुणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वसुलीच्या पाच मार्गांत छळ-कपट आणि बळजबरीही बसते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच परंपरेतल्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ दिले नाही. म्हणजे धनकोच्या हक्काला कुंपण हवे, हे तिलाही मान्य होते. ज्यूंच्या धर्मग्रंथातली, अनुवादात वाचलेली आज्ञा मला याहून मोलाची वाटते: तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, धाकट्या कान्होबाच्या वाट्याची त्याच्याकडे राहू दिली, अशी परंपरा सांगते. त्यांनी सोडला तो स्वतःचा हक्क. दुसऱ्याचे येणे खोटे ठरवले नाही. येणे खरे असणे आणि मागण्याची रीत न्याय्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो आणि आईचा अपमान करतो. तिथले कर्ज खरेच असते. तरीही त्या पानावर एकही वाचक वसुलीवाल्याच्या बाजूने उभा राहत नाही.

खरा बिनतोड वाटणारा आक्षेप व्यवहाराचा आहे. ज्याच्याकडे ना शेत, ना सोने, त्याला लाजेच्या धाकावरच कर्ज मिळते; तो धाक काढला तर गरिबाला कोण उभे करील? पण तारण नाही म्हणूनच तर त्याच्याकडून चढे व्याज आणि प्रोसेसिंग फी घेतली जाते. जोखमीचे दाम आधी वसूल करायचे आणि जोखीम मात्र उचलायची नाही, हा दोन्ही हातांनी घेण्याचा धंदा झाला. राहिला मुद्दाम तोंड लपवणारा कर्जदार. त्याच्यासाठी न्यायालय आहे, आणि न्यायालयाचेही हात कायद्याने बांधलेले आहेत: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार अशा कर्जापोटी मजुराच्या मजुरीवर जप्ती येत नाही, आणि पगारदाराचे पहिले 1,000 रुपये व उरलेल्यातले दोन-तृतीयांश सुरक्षित राहतात. प्रामाणिकपणे फेडूच न शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले. जे न्यायाधीशाला करता येत नाही, ते कॉल सेंटरमधल्या पोराने एका फोनवर करावे, हे मला कोणत्याही धर्मात बसताना दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना बजावले आहे की, वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर फोन नको, जाहीर अपमान नको, नातेवाईक-मित्रांना त्रास नको. म्हणून असा फोन आला तर सुपरवायझरने ‘हा तुमचा आणि त्याचा व्यवहार’ एवढेच म्हणून तो ठेवावा, पगाराला हात लावू नये. कामगाराने रेकॉर्डिंग जपून कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. नोंदणीच नसलेल्या ॲपचा मामला असेल, तर सरळ पोलिसांत.