सांगतें कोण?

वाङ्मयाच्या चर्चेंत आशय म्हणजे देह आणि रूप म्हणजे त्यावरील वस्त्र, असा दृष्टांत फार दिवसांपासून रूढ होऊन बसला आहे. तो खरा मानला तर कोणतीहि गोष्ट वाटेल त्या वेषांत सांगतां येईल, आणि रचना व शैली यांचा प्रश्न केवळ हौसेचा ठरेल. 'कलेसाठीं कला' कीं 'जीवनासाठीं कला' या, फडके-खांडेकरांच्या नांवांशीं निगडित झालेल्या वादाच्या मुळाशींहि बहुतांशीं हाच समज होता. एका पक्षानें रूपाची बाजू घ्यावी, दुसऱ्यानें आशयाची. पण हीं दोन्ही एकमेकांपासून सोडवितां येतात याविषयीं कोणासच फारशी शंका नसावी! आमच्या मतें शंका घ्यावयाची ती नेमकी येथेंच. कादंबरींत रूपाची निवड ही पुष्कळदां नीतीचीच निवड असते.

उदाहरण घरचेंच घेऊं. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी, १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः वाचकांच्या हातीं आली. दोहोंचा विषय विधवांची दुर्दशा. दोहोंच्या नायिकेचें नांवहि यमुनाच. दोन्ही लेखक सुधारणेचे कैवारी. असें असूनहि पहिलें पुस्तक आज मुख्यत्वें इतिहासासाठीं वाचलें जातें, आणि दुसरें वाचतांना अजूनहि घसा दाटून येतो. हा फरक कोठून आला?

पदमनजींची यमुना प्रवासांत विधवांच्या हकीकती पाहते व ऐकते. संवाद होतात, उपदेश होतो. आणि अखेर स्वतः वैधव्य आल्यावर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. लेखकाची कळकळ खरी आहे. परंतु तो वाचकाशेजारीं बसून विधवांविषयीं बोलतो. त्यामुळें त्या स्त्रिया साक्षीदार होतात आणि वाचक न्यायाधीश. न्यायासनावर बसलेल्या मनुष्यास दया येऊं शकते. लाज सहसा वाटत नाहीं.

आपट्यांनीं हें आसनच काढून घेतलें. सारी कथा त्यांनीं यमूच्या तोंडीं घातली, तीहि घरांतल्या बायकांच्या बोलींत. भावाबहिणींचें सख्य, सासरचा जाच, शंकरमामंजींचा ढोंगी धर्माभिमान, मुंबईच्या बिऱ्हाडांतले थोडे सुखाचे दिवस, हें सर्व ती एकामागून एक सांगत जाते. पुढें पतीच्या मृत्यूनंतर तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तेव्हां 'विधवा' हा शब्द जातिवाचक राहत नाहीं. जिचें बाळपण आम्ही तिच्याच शब्दांत ऐकलें, तिच्यावर तो प्रसंग आलेला असतो.

तंत्राच्या कसोटीस ही कादंबरी पाल्हाळिक ठरते, आणि तो दोष आम्हांसहि मान्य आहे. पण तंत्र निराळें आणि रूप निराळें. वाचकास खिळवून कसें ठेवावें हें तंत्र शिकवितें. त्याला कोठें उभें करावें हें रूप ठरवितें.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. पुरुषानें स्त्रीचा कंठ उसना घ्यावा काय? ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालींच लिहिली होती, आणि तींतील संताप कोणा पुरुषाच्या मध्यस्थीची वाट पाहत थांबला नव्हता. उसन्या आवाजानें ताराबाईंची जागा भरून निघत नाहीं, हें उघड आहे. तथापि उसनवारीचेंहि एक देणें असतें. यमूस जें ठाऊक असणें शक्य नाहीं तें लेखकास बोलतां येत नाहीं. स्वतःचें पांडित्य, वक्तृत्व, सुधारकाचा आवेश, सारें उंबऱ्याबाहेर ठेवून आंत यावें लागतें. जेथें यमूच्या तोंडून सुधारक बोलूं लागतो तेथें तो स्वर कानास तत्काळ खटकतो. म्हणजे हें रूपच लेखकाच्या प्रामाणिकपणावर पहारा करीत असतें. दुसऱ्यासाठीं बोलूं इच्छिणारानें आधीं पुष्कळ काळ त्याचें ऐकलें पाहिजे, या साध्या नीतिनियमाचेंच तें वाङ्मयीन स्वरूप होय.

म्हणून नवी कादंबरी हातीं घेतांना 'विषय काय?' एवढेंच विचारून वाचकांनीं थांबूं नये. 'सांगतें कोण, आणि आम्हांला कोठें बसवून?' हेंहि विचारावें. थोर विषय निवडूनहि आम्हांस आमच्या आरामखुर्चींतून उठूं न देणारीं पुस्तकें पुष्कळ निघतात.