ओल आलेली भिंत

पावसाळ्यात भिंतीला लागून असलेलं कपाट जरा पुढे ओढून पाहा. मागे काळे-हिरवे ठिपके, फुगलेला रंग, सुटलेले पोपडे आणि तो कुबट वास. आपण म्हणतो, पावसाळ्यात हे चालायचंच. पण त्याच भिंतीशी मुलाचं अंथरूण असतं, आणि रात्रभर त्याची ढास थांबत नाही.

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासावाटे आत जातात. दमेकऱ्यांना आणि लहानग्यांना त्यांचा त्रास अधिक. इंग्लंडमधल्या रॉचडेलला २०२० मध्ये दोन वर्षांचं एक बाळ दगावलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यानेच त्याला श्वसनाचा विकार जडला, असं २०२२ मध्ये चौकशीअंती जाहीर झालं. वडिलांनी तक्रार केली होती. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. किती निर्दय उत्तर!

रंगाने डाग झाकला जातो, ओल तशीच राहते. आधी गळका पाइप, गच्चीतली भेग दुरुस्त करा. स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्या. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला सांगायला संकोचू नका. आणि बाळाची छाती घरघरत असेल, तर डॉक्टरांना त्या भिंतीबद्दलही सांगा.