खोटी बोली, खोटी साक्ष

सोपारा हे आपल्या वसई-विरार परिसरातील प्राचीन बंदर. अरब भूगोलकारांनी आपल्या ग्रंथांत ‘सुबारा’ या नावाने त्याचा उल्लेख केला आहे. जेथे बंदर तेथे बाजार, आणि जेथे बाजार तेथे बोली. बाजारासाठी इस्लामने जे नियम घालून दिले, त्यांत एक नियम ‘नज्श’च्या मनाईचा आहे. वस्तू विकत घेण्याचा मुळीच इरादा नसताना, केवळ खऱ्या गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी वाढीव बोली लावणे म्हणजे नज्श. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यास मनाई केली. ही हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

नज्श करणारा मालाविषयी कदाचित एकही शब्द खोटा बोलत नाही. माल चांगलाही असू शकेल. तरीही तो फसवणूक करतो, कारण तो गिऱ्हाईक नसतो, गिऱ्हाइकाचे सोंग असतो. शेजारी उभा असलेला मनुष्य मालाची पारख सोडून त्या सोंगाला भुलतो.

आज हीच बोली मतांच्या बाजारात लागते. एकच मनुष्य मोबाईलवर पन्नास नावे धारण करतो आणि एका तोंडाची गोष्ट पन्नास तोंडांनी वदवितो. वाचणाऱ्यास वाटते, सारे जग हेच म्हणत आहे. अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर आपल्या बदनामीसाठी समाजमाध्यमांवर ८० हजारांहून अधिक बनावट खाती उघडली गेली, असे मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले होते.

असत्याला जमावाचे बळ मिळाले की काय होते, हे आपल्या पालघर जिल्ह्याने पाहिले आहे. चोर व मुले पळविणाऱ्यांच्या अफवा पसरलेल्या असताना १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना ठार केले. या निरपराधांचे रक्त वाळते न वाळते तोच समाजमाध्यमांवर या हत्येला धार्मिक रंग देण्यात आला. अखेर अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, असे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावे लागले. अफवा कोणी उठविली, रंग कोणी दिला, याचा जाब कोणाला विचारणार? निनावी शब्दाला धनी नसतो.

अशा वेळी आपल्याच घरातील एखादा तरुण विचारील, “ते शंभर खोटी नावे घेऊन आपल्याविरुद्ध लिहितात, तर आपण सत्यासाठी दहा घेतली तर बिघडले कुठे?” प्रश्न वेदनेतून आलेला आहे, म्हणून तो झिडकारू नये. परंतु उत्तर स्पष्ट असावे. एखाद्या समाजाच्या वैरापायी न्यायाची वाट सोडू नका, अशी ताकीद पवित्र कुरआनच्या सूरह अल्-माइदा (५:८) मध्ये आहे. सूरह अन्-निसा (४:१३५) तर स्वतःविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष देण्याचा आदेश देते. दहा खात्यांवरील मत खरे असेलही. पण दहा माणसे ते म्हणत आहेत, ही साक्ष खोटीच आहे. आणि प्रेषितांनी (स.) खोट्या साक्षीची गणना महापापांत केली. ते सांगताना टेकून बसलेले प्रेषित (स.) सरळ उठून बसले आणि इतक्या वेळा त्याचा पुनरुच्चार केला की, आता त्यांनी थांबावे असे सोबत्यांना वाटू लागले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. जुलमाच्या भीतीने एखाद्याने आपले नाव झाकून खरी गोष्ट सांगितली, तर तो एकच माणूस राहतो, एकच साक्ष देतो. खोटा जमाव उभारणारा मात्र दुसऱ्याच्या विवेकावर दरोडा घालतो. सत्याला अशा दरोड्याची गरज नसते. उलट, सोंग उघडे पडले की त्याबरोबर आपले खरे गाऱ्हाणेही खोटे ठरते.

वाचणाऱ्यावरही जबाबदारी आहे. खातरजमा न करता बातमीवर विसंबू नये, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होईल आणि पश्चात्ताप करावा लागेल, असे सूरह अल्-हुजुरात (४९:६) बजावते. म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी विचारावे: हे सांगणारा कोण? त्याने स्वतः पाहिले काय? तो आपल्या शब्दाची जबाबदारी घेतो काय? किती जणांनी म्हटले, हा प्रश्न यानंतरचा.

सूरह यासीन (३६:६५) सांगते की, त्या दिवशी तोंडांवर मोहोर लागेल आणि हात बोलतील. ज्या बोटांनी पन्नास नावांनी लिहिले, ती बोटे तेव्हा एकाच माणसाचे नाव घेतील. अल्लाह आपल्या हातांना व जिभेला सत्यावर कायम ठेवो. आमीन.