गाळलेली ओळ

४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत देशी कार-टी उपचाराचं लोकार्पण केलं. ती बातमी मी लगेच आमच्या गावच्या, माकणीच्या ग्रुपवर टाकली. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, कर्करोगी बी पेशी हेरण्याचा गुण त्यांच्यात घालायचा आणि परत शरीरात सोडायच्या. परदेशात तीन-चार कोटींचं काम इथं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात. मंजुरी मात्र १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठीच होती. ही ओळ मी वाचली नव्हती? वाचली होती. अभिमानाला उणेपणा येत होता, म्हणून गाळली.

गावातल्या एका बापाचा फोन आला. आठ वर्षांच्या लेकराच्या रक्ताच्या कॅन्सरनं पुन्हा उचल खाल्लेली. "दादा, आपल्या पोराला चालंल का हे?" मी म्हणालो, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनाच विचार. सल्ला बरोबर होता. पण मी तो दिला कशासाठी? फोन लवकर संपावा म्हणूनच ना?

त्याहून वाईट पुढं आहे. त्या लेकराच्या उपचारासाठी काढलेल्या पहिल्या वर्गणीला मी हात सैल सोडला होता. रोग उलटल्यावर निम्मी रक्कम दिली. वाचेल, तर पैसे कारणी लागतील, असा हिशेब मनात चालला होता का? असावा.

टाटा मेमोरियलमध्ये मुलांवर या उपचाराची चाचणी सुरू असल्याचं कळल्यावरही मी चटकन म्हणालो होतो, "गरिबाच्या पोरांवर प्रयोग!" बोलायला काय जातंय? सुरुवातीच्या चाचणीत उपचार झेपतो का, किती मात्रेत, हेच आधी पाहतात. त्या लेकराला गुण येईलच असं नाही. हे बापाला नीट समजावून न सांगता सही घेतली तर माझा राग रास्तच. पण १९६० च्या आसपास मुलांच्या रक्ताच्या या कॅन्सरमधून क्वचितच मूल वाचायचं, आज श्रीमंत देशांत दहातली नऊ वाचतात. हे अशाच चाचण्यांनी घडलं. त्यात न वाचलेल्या मुलांच्याही नोंदी आहेत. उलटलेल्या रोगात यश अजून बरंच कमी आहे. म्हणजे मी जिथं हात आखडता घेतला, तिथंच शोधाची गरज जास्त.

नोंदींचं म्हणाल तर, आमच्याच जिल्ह्यातल्या भूम-परांड्याच्या गावांत १९८७ पासून बार्शीच्या कर्करोग नोंदणीची माणसं फिरत आली. रुग्ण आहे की गेला, हेही विचारत. मी मात्र त्या बापाला परत फोन केलेला नाही. आज करावा म्हणतो, पण तो उचलेल तेव्हा काय विचारायचं, हे अजून ठरत नाही.