खांदे

चष्मा पुसून घ्या. घाई नाही. छायाचित्रकार सुनील गुप्ता यांच्या 'एग्झाइल्स' मालिकेतला कुठलाही एक फोटो समोर ठेवा. दिल्ली, १९८६-८७. इंडिया गेट, हुमायूनची कबर, हौज खास. सहलीला गेल्यावर आपण जिथे रांगेने उभे राहतो, तीच ठिकाणं. इथे मात्र पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष आहेत. कुणी पाठमोरा, कुणी तोंड फिरवलेला. सोबत त्यांच्या बोलण्यातला एखादा तुकडा.

चेहरा शोधू नका. खांद्यांवर थांबा. ते सैल आहेत की कानांकडे ओढलेले? माणूस निवांत बसलाय की निवांत दिसायची खबरदारी घेतोय?

आता स्वतःचे खांदे बघा. पासपोर्ट फोटोच्या वेळी "हनुवटी जरा खाली, ताठ बसा" ऐकल्यावर अंग कसं आवळलं होतं? पुरुष असाल तर ही कवायत त्याच्याही कितीतरी आधी सुरू झाली असेल. मुलीसारखा रडतोस काय. नीट चाल.

श्वास सोडा. खांदे पडू द्या.

दोन मित्र गळ्यात हात टाकून बाजारभर हिंडले तर आपल्याकडे कुणी मागे वळून पाहत नाही. त्या जवळिकीला नाव दिलं की सगळं बदलतं. तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं. चेहरा ओळखू आला तर नोकरी, घर, पोलीस, सगळंच अंगावर येणार. शिवाय हे चोरून टिपलेले फोटो नव्हेत, विचारून, ठरवून मांडलेले आहेत. म्हणून त्या पाठींना लाजऱ्या म्हणायला मी तयार नाही. चेहरा देणार नाही, पण येईन, असं म्हणून आलेली माणसं आहेत ती.

गुप्ता स्वतः गे. जन्म दिल्लीचा, १९५३चा. वाढत्या वयात कॅनडाला गेले. १९९५मध्ये एचआयव्हीचं निदान झालं आणि १९९९च्या 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'त त्यांनी कॅमेरा स्वतःच्याच देहावर रोखला. इथे जास्त वेळ बसा. आजारी बाई आपण पाहू शकतो, तिची कीवही करतो. उघडा, आजारी पुरुष पाहताना नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. ती अस्वस्थता घालवायची घाई करू नका.

मग 'मिस्टर मल्होत्राज पार्टी' उघडा. पबमधल्या गे रात्री अशाच कुणाच्या तरी खासगी पार्टीच्या नावाखाली व्हायच्या, त्यावरून हे नाव. २००७च्या सुमारास हे काम सुरू झालं तेव्हा कायदा तोच होता. तरी दिल्लीच्या रस्त्यावर उभी राहून ही माणसं थेट लेन्समध्ये बघतात. ती नजर हटवत नाहीत. तुम्ही कधी हटवता, तेवढं बघा.